त्या शर्टांच्या घड्या कोणी घातल्या?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच पुस्तकाभोवती फिरतायत. परीक्षा जवळ आल्या की असं होतं. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण फिट्झगेराल्ड या अमेरिकन लेखकाचं 'द ग्रेट गॅट्सबी' कुठल्या सत्राला लागलंय हे मला अजून टपालावरूनच कळतं. बाकीच्यांनी रागावू नये. ज्वारीवरच्या म्हणींचं पत्र आणि वाचनालयाच्या वर्गणीची तक्रार पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: बाई, मी इंग्रजी घेऊन एम.ए. करते. पहिल्या महायुद्धानंतरच्या कादंबऱ्यांवर मोठा प्रश्न हमखास येतो. गाईडमध्ये छापलंय की युद्धाने मूल्यं ढासळली, म्हणून पात्रं पलायनवादी आणि भोगवादी झाली. मी ते पाठ केलंय. पण घरी वडील बारा बारा तास मागावर उभे असतात आणि मी रात्री गॅट्सबीच्या पार्ट्यांबद्दल वाचत बसते, तेव्हा मला या माणसांचा नुसता राग येतो. उत्तरपत्रिकेत राग लिहिता येतो का?
— एक विद्यार्थिनी, अशोक चौक

उत्तर: येतो की. फक्त तो कोणावर आहे ते आधी ठरव, कारण त्या पुस्तकात पैसे उधळणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत.

तुझ्या घरात माग आहे, म्हणून तुला कापडाच्या वाटेनंच नेते. माझे वडील, अण्णा, चाटी गल्लीत एका कापड दुकानात गुमास्ते होते. पांढरी गादी, तिच्यावर मांडी घालून बसलेलं गिऱ्हाईक, आणि समोर गुडघ्यांवर बसलेले अण्णा. साडी अशी झटकून उलगडायचे की कापड क्षणभर हवेत फुगायचं आणि पदर नेमका बाईच्या पुढ्यात पडायचा. शाळा सुटली की मी दुकानाच्या पायरीवर बसून ते बघायचे. गिऱ्हाईक "जाऊन येतो" म्हणून उठलं की गादीवर ढीग उरायचा. मग अण्णा काठाला काठ लावून, तळहाताच्या कडेनं दाबत दाबत एकेक घडी घालायचे. एका गिऱ्हाइकामागे कधी कधी वीस-वीस घड्या.

मी तुझ्याएवढी असताना एका रात्री त्यांना गॅट्सबीचा शर्टांचा प्रसंग मराठीत सांगितला. पाच वर्षांनी त्याची जुनी प्रेयसी डेझी भेटलीय. गॅट्सबी तिला आणि गोष्ट सांगणाऱ्या निकला आपला वाडा दाखवतोय. झोपायच्या खोलीतली दोन मोठी कपाटं उघडतो. आत सूट, गाऊन, टाय, आणि विटा रचाव्यात तशा डझन-डझनाच्या थप्प्यांनी शर्ट. इंग्लंडमध्ये त्याचा एक माणूस आहे, तो दर मोसमाच्या सुरुवातीला निवडून कपडे पाठवतो. गॅट्सबी एक थप्पी काढतो आणि एकेक शर्ट त्यांच्यापुढे फेकायला लागतो. तलम लिनन, जाड रेशीम, मऊ फ्लॅनेल. पट्ट्यांचे, चौकड्यांचे, पोवळ्याच्या रंगाचे, कच्च्या सफरचंदासारखे हिरवे, आणि त्यांच्यावर नावाची अक्षरं, लेखकानं त्या रंगाला 'इंडियन ब्लू' म्हटलंय, म्हणजे आपली नीळच की. घड्या मोडतात, टेबलावर ढीग चढत जातो, आणि डेझी त्या ढिगात तोंड खुपसून रडायला लागते. इतके सुंदर शर्ट कधी पाहिले नव्हते म्हणून.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "मग घेतलं का तिनं काही?"

"नाही. रडली."

"आणि घड्या कोणी घातल्या?"

पुस्तकात ते नाही. मी तेव्हा हसले. अण्णा मात्र त्या गॅट्सबीच्याच विचारात होते. म्हणाले, "सगळा माल एकदम काढून टाकला म्हणजे घाबरला असणार गडी."

पुढे मी हा प्रसंग वर्गात किती वेळा शिकवला याचा हिशेब नाही, पण यापेक्षा नेमकी टीका मला कुठल्या इंग्रजी ग्रंथात सापडली नाही. गॅट्सबी त्या क्षणी उपभोग घेत नाहीये. गादीवरच्या गुमास्त्यासारखा माल दाखवतोय, आणि माल तो स्वतःच आहे. 'भोगवाद' हा शब्द तिथं लागूच पडत नाही. पुस्तक नीट बघ, स्वतःच्या पार्ट्यांत हा माणूस पीत नाही. घरात पोहण्याचा तलाव आहे, त्यात अख्ख्या उन्हाळ्यात उतरलेला नाही.

मग एवढे शर्ट कशाला? त्याच्या अंगावर काय काय होतं ते पहिल्यापासून बघ. सतरा वर्षांचा जेम्स गॅट्झ, गरीब शेतकऱ्याचा पोरगा, लेक सुपीरियरच्या काठावर फिरतोय तेव्हा अंगात फाटकी हिरवी जर्सी आणि कॅनव्हासची विजार. तिथं कोडी नावाचा धनाढ्य म्हातारा त्याला आपल्या नौकेवर घेतो, आणि घेतल्यावर पहिलं काम काय करतो? निळा कोट, सहा पांढऱ्या विजारी आणि टोपी विकत घेऊन देतो. पुढे 1917 साल, अमेरिका युद्धात उतरते, गॅट्झचा गॅट्सबी झालेला असतो आणि अंगावर लष्करी अधिकाऱ्याची वर्दी चढते. त्या वर्दीतच तो लुइव्हिलमध्ये डेझीच्या घरात पाऊल टाकतो. लेखक त्या वर्दीला न दिसणारा अंगरखा म्हणतो, कधीही खांद्यावरून घसरेल असा. युद्धानं गॅट्सबीला दिलं ते हे. खिशात दमडी नाही हे वर्दीत दिसत नव्हतं.

आणि युद्ध संपलं. वुल्फशाइम नावाचा जुगारी शेवटी शेवटी सांगतो की गॅट्सबी त्याला पहिल्यांदा भेटला तेव्हा छातीवर पदकं होती, दोन दिवस पोटात अन्न नव्हतं, आणि वर्दीच घालून फिरत होता, कारण साधे कपडे घ्यायला पैसे नव्हते. गाईडमध्ये हे वाक्य सहसा नसतं. माझ्या मते सगळी कादंबरी या एका वर्दीला टांगलेली आहे. ती उतरवायची तर खाली काहीतरी हवं, म्हणून डझनांनी शर्ट आले. शर्टांना पैसा कुठून? अमेरिकेत 1920 च्या जानेवारीपासून दारूबंदी होती, आणि वुल्फशाइमच्या संगतीनं गॅट्सबीनं औषधांची दुकानं विकत घेऊन तिथून दारू विकली. बंदी 1933 पर्यंत चालली, तिच्यात खरोखरच कित्येकांचे वाडे उभे राहिले.

हे फक्त तिकडचं नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे गिरण्यांचं बरंच कापड लष्कराकडे जायचं. 1943 मध्ये कापडावर नियंत्रण आलं. अण्णा तेव्हा नुकतेच दुकानात लागले होते. गादीवर कापड नाही आणि गल्लीत रांग, असे दिवस. 1948 च्या सुरुवातीला नियंत्रण उठलं आणि भाव असे भडकले की त्याच वर्षी ते पुन्हा लावावं लागलं. त्या मधल्या काही महिन्यांत माझ्या आजीनं लठ्ठ्याचा एक अख्खा तागा घेऊन ठेवला. घरात माणसं सहा, आणि दोन सदरे पुरले असते. तो तागा तिनं डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला आणि कधीच कापला नाही. दर दिवाळीला उघडून बघायची, हात फिरवायची, परत ठेवायची. ती गेल्यावर आम्ही तो उलगडला तेव्हा प्रत्येक घडीवर विरला होता. हातात नुसत्या पट्ट्या आल्या.

गॅट्सबीच्या ग्रंथालयात एक चष्मेवाला पाहुणा असतो. पुस्तकं पुठ्ठ्याची नसून खरी आहेत बघून तो थक्क होतो, आणि लगेच त्याच्या लक्षात येतं की पानं कापलेलीच नाहीत. तेव्हा पुस्तकं जोडपानांची यायची, वाचणाऱ्यानं सुरीनं पानं सोडवायची. तो भाग वाचला की मला आजीची ट्रंक आठवते. टंचाई पाहिलेला माणूस जास्तीचं घेतो आणि वापरत नाही. त्याला भोगवादी म्हणणाऱ्यानं त्या पट्ट्या हातात घेऊन बघाव्यात.

डेझी आणि तिचा नवरा टॉम वेगळे. त्यांनी टंचाई कधी पाहिलीच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी टॉमनं डेझीला दिलेली मोत्यांची माळ साडेतीन लाख डॉलरची. तो गावाहून येताना पोलोचे घोडे बरोबर घेऊन येतो, आपण लोणच्याची बरणी आणावी तसे. आणि डेझी एका तापलेल्या दुपारी विचारते की आज आपण काय करायचं, उद्या काय करायचं, पुढची तीस वर्षं काय करायचं. पलायन म्हणायचं तर हे. डेझीच्या हातून गाडीखाली एक बाई मरते, आणि हे दोघं आपल्या पैशात परत जाऊन बसतात, आवरायचं ते इतरांनी आवरावं. तुझा राग तिथं लाव. चांगला लागेल.

आणि मर्टलला विसरू नकोस, परीक्षक तिला नेहमी विसरतात. गॅरेजवाल्या विल्सनची बायको, टॉमनं ठेवलेली. ती सांगते, नवऱ्यानं लग्नात घातलेला सूट उसना होता आणि तिला ते सांगितलंही नव्हतं. एक दिवस मालक सूट मागायला दारात उभा राहिला तेव्हा कळलं. त्यानंतर टॉम तिला आगगाडीत दिसतो, तर तिची नजर आधी जाते त्याच्या सुटावर आणि चकाकत्या बुटांवर. शहरातल्या खोलीत गेल्यावर ती उंची पोशाख चढवते आणि त्या पोशाखाबरोबर तिची चाल, तिचा आवाज, नोकरांबद्दलची बोली, सगळं बदलतं. शेजारणीनं पोशाखाचं कौतुक केलं तर म्हणते, माझा वापरून झाला की तुला देईन. उसन्या सुटाशी लग्न झालेल्या बाईनं हे म्हणावं! आपल्याकडे लग्नात उसना शालू नेसलेल्या बाया मी पाहिल्यात. मला तिच्यावर रागावता येत नाही.

तू विचारलंस त्यात वडिलांचं मागावर उभं राहणं होतं, म्हणून एक शेवटचं. पार्ट्यांचं ते प्रसिद्ध वर्णन उघड, पण शनिवारचं नको, सोमवारचं वाच. दर शुक्रवारी न्यूयॉर्कहून संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या येतात. दर सोमवारी त्यांच्या फोडींचा, गर नसलेल्या सालींचा, डोंगर मागच्या दारानं बाहेर जातो. रस काढायचं यंत्र आहे, अर्ध्या तासात दोनशे संत्री पिळतं, फक्त त्यासाठी नोकरानं अंगठ्यानं दोनशे वेळा बटण दाबायचं. आणि सोमवारी एका जादाच्या माळ्यासकट आठ नोकर फडकी, ब्रश, हातोड्या आणि कात्र्या घेऊन आदल्या रात्रीची मोडतोड दिवसभर सावरत बसतात. लेखकानं ते मुद्दाम लिहिलंय. त्या अंगठ्यावर एक परिच्छेद लिही. तो गाईडात नसेल, आणि पेपर तपासणारा जागा होईल.

प्रश्न: मागच्या अंकात आपण गॅट्सबीची गोष्ट 1925 सालातली असं म्हटलं आहे. पुस्तक 1925 चं असलं तरी गोष्ट 1922 च्या उन्हाळ्यातली आहे. कृपया दुरुस्ती करावी.
— एक निवृत्त शिक्षक, पंढरपूर

उत्तर: चूक माझीच, गुरुजी. कान पकडले. आणि ही तीन वर्षं किरकोळ नाहीत. 1922 म्हणजे युद्ध थांबून चार वर्षंही झालेली नव्हती, त्यामुळे पार्टीत भेटलेले निक आणि गॅट्सबी पहिल्यांदा बोलतात ते पलटणींबद्दल आणि फ्रान्समधल्या पावसाळी खेड्यांबद्दल. दुसरीकडे आपण सगळे हे पुस्तक 1929 ची मंदी डोक्यात ठेवून वाचतो, जणू फिट्झगेराल्डला पुढचं दिसत होतं. त्याला काही दिसत नव्हतं. त्यानं लिहिलं तेव्हा शेअर बाजार चढतच होता.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी चोवीस वर्षं फौजेत होतो. नात कॉलेजला आहे, तिनं मला 'द सन ऑल्सो राइजेस' या कादंबरीची गोष्ट सांगितली. लढाईहून आलेली माणसं पॅरिसहून स्पेनला जातात, रात्रंदिवस दारू पितात, बैलांच्या झुंजी बघतात. मॅडम, मला हे पटत नाही. आम्ही सुट्टीवर घरी आलो की झोपायचो. हे लिहिणाऱ्यानं लढाई पाहिली होती का?
— माजी सुभेदार, बार्शी

उत्तर: सुभेदारसाहेब, नमस्कार. पाहिली होती. हेमिंग्वे अठरा वर्षांचा असताना इटलीच्या आघाडीवर रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवत होता आणि जुलै 1918 मध्ये तिथं जबर जखमी झाला. उलट गॅट्सबीचा लेखक फिट्झगेराल्ड सैन्यात भरती झाला खरा, पण बोटीत चढण्याआधीच युद्ध संपलं. मला वाटतं, दोघांच्या पुस्तकांत तो फरक दिसतो. ज्यानं पाहिलं नाही त्याच्या पुस्तकात रोषणाई जास्त आहे.

तुमचं झोपेचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण या गोष्टीचा नायक जेक याला झोपच येत नाही. तो वार्ताहर आहे, पॅरिसमध्ये राहतो, युद्धात अशा जागी जखम झालीय की त्याला संसार करता येणार नाही. दिवसा ठीक असतो, सगळ्यांशी हसून बोलतो. रात्री अंधारात पडून रडतो. एके काळी सलग सहा महिने त्यानं दिवा चालू ठेवूनच झोप घेतली. नातीनं झुंजी सांगितल्या आणि हे गाळलं, यात तिचा दोष नाही. सारांशात दिवा बसत नाही.

दुसरं म्हणजे, तो उधळ्या नाही. रात्री घरी येऊन तो बँकेचा कागद उघडतो. शिल्लक दोन हजार चारशे बत्तीस डॉलर साठ सेंट. मग चेकबुक काढतो, दिलेले चार चेक वजा करतो, अठराशे बत्तीस साठ उरतात. पुस्तकात हा हिशेब छापलेला आहे. आजूबाजूची मंडळी मात्र पार ढिली. त्या काळी फ्रँक स्वस्त होता, डॉलरवाल्याला पॅरिस परवडायचं, त्यामुळे पिणाऱ्यांना कोणी थांबवत नव्हतं.

तुम्हाला संताप येईल असा एक प्रसंग सांगते, आणि तो यावा असंच लेखकाला वाटत असावं. माइक नावाचा इंग्रज, लढून आलेला, आता दिवाळखोर. त्याला एका मोठ्या मेजवानीचं बोलावणं येतं, तिथं पदकं लावून जायचं असतं. याच्याकडे पदकं नाहीत, स्वतःची मागवायची तसदी त्यानं कधी घेतलेली नाही. शिंपी म्हणतो, मी देतो. दुसऱ्या एका फौजी माणसानं आपली पदकं साफ करायला शिंप्याकडे ठेवलेली असतात, तीच हा खिशात टाकतो. मेजवानीत लावायची वेळच येत नाही. मग एका रात्रीच्या क्लबात तो ती पदकं बरोबरच्या पोरींना एकेक वाटून टाकतो. शिंपी पुढे कित्येक महिने पत्रं पाठवत राहतो. ज्याची पदकं होती त्याचा त्यांच्यावर फार जीव होता. माइक ही गोष्ट टेबलाभोवती सांगतो आणि सगळे हसून लोळतात.

मी वर्गात हे वाचलं की मुलंही हसायची. एकदा शेवटच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. नंतर कळलं, तिचे वडील सीमेवर होते.

आणि झोपेचं म्हणाल, तर तीही आहे त्यात. मध्येच जेक एका मित्राबरोबर पाच दिवस डोंगरात मासे धरायला जातो. दारूच्या बाटल्या झऱ्याच्या गार पाण्यात ठेवतात, जेवतात, झाडाखाली डोळ्यावर टोपी ओढून पडतात. कोणी कोणाला फार खोदून विचारत नाही. नातीला तेवढं प्रकरण वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला पटेल.

प्रश्न: बाई, माझ्या भाच्याच्या लग्नात विजापूर रोडवरच्या एका लॉनवर 'गॅट्सबी नाइट' ठेवली आहे. पाहुण्यांनी काळं आणि सोनेरी घालून यायचं. मावशी म्हणून मी काय घालू? आणि हे बरं दिसतं का?
— नाव छापू नये

उत्तर: इरकल नेसा. काळी इरकल, सोनेरी बुट्टी, टोपपदर. सगळ्यांत उठून दिसाल आणि नंतरही नेसता येईल.

बरं दिसतं का, हे मला विचारू नका. माझ्या लग्नात अण्णांनी कर्ज काढून दोनशे पानं उठवली होती. फक्त भाच्याला सांगा की नियम पाळायचे तर पुरते पाळ. गॅट्सबीच्या पार्टीत बहुतेक लोक बोलावणं नसताना यायचे, यजमानाला ओळखायचेही नाहीत. एका पोरीचा झगा खुर्चीत अडकून फाटला तर आठवड्याच्या आत तिच्या घरी दोनशे पासष्ट डॉलरचा नवा झगा पोचला होता. लॉनवरच्या खुर्च्यांचे खिळे बघता भाच्याला हे महागात पडेल. आणि गॅट्सबीच्या मरणानंतर, त्याच्याच घरात महिनोन्‌महिने फुकट राहिलेल्या पाहुण्यानं फोन केला तो अंत्यविधीची वेळ विचारायला नाही. आपले टेनिसचे बूट तिथंच राहिलेत, ते पाठवता का, म्हणून. तुमच्या पाहुण्यांना निघताना चपला नीट बघून घालायला सांगा.

प्रश्न: तुमचे दोन-तीन अंकांतले लेख वाचले. हे सगळं जिंकलेल्या देशांचं झालं. त्यांच्याकडे उधळायला होतं. जे हरले, ज्यांच्याकडे काही उरलंच नाही, त्यांच्या गोष्टींतली माणसं कशात पळतात?
— बँकेतून निवृत्त, सात रस्ता

उत्तर: या प्रश्नासाठी तुम्हाला शेंगाच्या चटणीचा पुडा पाठवायला हवा. मी जपानकडे बोट दाखवीन. ओसामु दाझाई यांची 'शायो', म्हणजे मावळता सूर्य, ही कादंबरी 1947 ची. जपान हरल्याला दोन वर्षं झाली होती. त्याच वर्षी नव्या राज्यघटनेनं तिथली सरदारकी रद्द केली, आणि या पुस्तकावरून पडत्या काळातल्या अशा घराण्यांना नावच पडलं, 'शायो-झोकु'.

घरात आई, मुलगी काझुको आणि मुलगा नाओजी. टोकियोतलं घर विकून मायलेकी इझूला खेड्यात येतात. नाओजी दक्षिणेच्या आघाडीवरून परततो तो अफूचं व्यसन घेऊन, मग दारूत बुडतो. एवढ्यापुरतं तुमच्या ओळखीचं वाटेल. पण पैसे संपत आलेत, आणि मामा कळवतो की काझुकोनं लग्न तरी करावं नाहीतर कुठल्या मोठ्या घरात नोकरी धरावी. त्यावर मायलेकींचं वाजतं, रडारड होते, आणि ती आई, जी आयुष्यात कोणाला उलट बोललेली नाही, ती म्हणते: आपले किमोनो विकू या, एकामागून एक, आणि त्या पैशांची मनसोक्त उधळपट्टी करू, चैनीत राहू.

मी तिथं पुस्तक मिटून ठेवलं होतं. गॅट्सबी जवळ नसलेलं मिळवण्यासाठी शर्टांचा ढीग लावतो. ही बाई अंगावरचं उतरवून ते उधळू या म्हणते. प्रत्यक्षात ती उधळपट्टी होत नाही. किमोनो विकले जातात ते पोटासाठी, आणि काझुको शेतात राबत असते. तिच्या पायात रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट असतात. युद्धात तिला सक्तीच्या मजुरीला नेलं होतं तेव्हा लष्करानं दिलेले. ती म्हणते, युद्धाची माझ्याकडे उरलेली आठवण ही एवढीच.

आई क्षयानं जाते. पुढे नाओजी आत्महत्या करतो. बहिणीला लिहिलेली त्याची चिठ्ठी लांबलचक आहे. वरच्या वर्गात जन्मल्याची लाज, मित्रांत मिसळण्यासाठी शिकलेला रांगडेपणा, न जमलेलं प्रेम, सगळं आहे तिच्यात. मध्येच तो एक साधी गोष्ट मागतो. आईचा एक उन्हाळी किमोनो होता, जपानी लोक ज्याला 'असा' म्हणतात त्या तागाच्या जातीच्या धाग्याचा. पुढच्या उन्हाळ्यात नाओजीला घालता यावा म्हणून काझुकोनं तो पुन्हा शिवून त्याच्या मापाचा करून दिला होता. तो माझ्या शवपेटीत ठेव, असं तो लिहितो. मला तो घालायचा होता.